आखाजीची चूळ

एस.टी. निघून गेली, धूळ खाली बसली, आणि सुलक्षणाला दिसलं, की सावळखेडे फाट्यावर आज ती एकटीच उतरलेली नाही. लिंबाच्या सावलीत एक तरुण उभा होता. पाठीवर सॅक, गळ्यात हेडफोन, आणि कुशीत... तिनं पुन्हा नीट पाहिलं... करड्या केसांचं काहीतरी.

"मांजर आहे?" तिच्या तोंडून निघूनच गेलं.

"अं? नाही, माईक आहे. वाऱ्याची घरघर येऊ नये म्हणून हे केसाळ कव्हर घालतात."

"मेलेलं मांजर वाटतं."

"सगळेच म्हणतात," तो हसला. "पण बहुतेक लोक दुसऱ्या भेटीत म्हणतात. मोहटेक हेच ना?"

"मोहटेक नदीपलीकडे. हे सावळखेडे."

"अरेच्चा! म्हणजे चूक झाली."

"मोहटेकच्या लोकांसमोर सांगू नका. ते म्हणतील, सावळखेड्यात उतरण्याएवढी मोठी चूक जगात नाही."

"आणि सावळखेड्याचे काय म्हणतात?"

"आम्ही तेच उलटं करून म्हणतो."

वैशाखाचं ऊन होतं. वाऱ्यानं तिची ओढणी उडत होती आणि ती एका हातानं ओढणी, दुसऱ्या हातानं पुस्तकांची पिशवी सांभाळत पुढे चालली होती. रस्ता दाखवायचा म्हणून ती पुढे, आणि रस्ता कळावा म्हणून तो मागे. निदान दोघांनी स्वतःला तसं सांगितलं असावं.

त्याचं नाव कुंदन. जळगावात पिंप्राळ्याला, झेरॉक्सच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत त्याची लहानशी संस्था होती. गावोगावची गाणी, गोष्टी, बोलणी टिपायची आणि ज्यांची आहेत त्यांनाच ती पुन्हा ऐकवायची, एवढंच तिचं काम. यंदा एका मोठ्या न्यासाचं सांस्कृतिक अनुदान संस्थेला मिळालं होतं, आणि आखाजीचा बार टिपायला तो आला होता.

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, हा लेकींचा सण. सासुरवाशिणी माहेरी येतात, झोके बांधतात, गौराईची गाणी म्हणतात. सावळखेडे आणि मोहटेकमध्ये त्या दिवशी आणखी एक गोष्ट चाले. गौराई बोळवायला आलेल्या बायका गिरणा नदीच्या दोन काठांवर समोरासमोर उभ्या राहत आणि गाण्यातून एकमेकींचा उद्धार करत. त्याला बार म्हणायचे.

"अनुदानात एखाद्या वाचनालयाला काही बसतं का हो?" सुलक्षणानं विचारलं. ती भडगावच्या एका वाचनालयात काम करायची. तिथं दुपारी वर्तमानपत्र वाचता वाचता झोपणारे दोन-तीन आजोबा सोडले, तर कुणी फिरकत नसे. "म्हणजे... सहज विचारलं."

"बसतं ना! शनिवारचं वाचनमंडळ, व्याख्यानं... आणि ऐकण्याचा कोपरा."

"ऐकण्याचा कोपरा?"

"दोन खुर्च्या, दोन हेडफोन. आजीनं गायलेलं नातीनं येऊन ऐकायचं."

"दोन कशाला? नात एकटी नाही का ऐकणार?"

तो थोडा गोंधळला. "एकट्यानं ऐकलं तर... सांगणार कुणाला, कसं वाटलं ते?"

तिनं पिशवी दुसऱ्या हातात घेतली. पण नदी येईपर्यंत तिच्या डोळ्यांपुढे त्या दोन खुर्च्या होत्या, हे मात्र खरं.

धरणातून शेतीसाठी पाण्याचं आवर्तन सुटलं होतं. गिरणेला पोटरीभर पाणी होतं. कुंदननं पँट दुमडली, माईक डोक्यावर धरला आणि पाण्याकाठच्या ओल्या वाळूत पहिलंच पाऊल टाकलं, ते घोट्यापर्यंत आत गेलं. उपटायला गेला तर पाय वर आला आणि चप्पल आतच राहिली. सुलक्षणा हसू दाबत होती, पण ते दबलं नाही. पलीकडच्या काठावर गोधडी धूत बसलेल्या ज्योतीनंही ते पाहिलं, आणि ओल्या हातानं कपाळावर सावली करून ती बराच वेळ पाहत राहिली.

ज्योती मोहटेकच्या प्रमिलाबाईंची मुलगी, सुलक्षणाची शाळेपासूनची जिवाभावाची मैत्रीण. धुळ्याला दिली होती. नवरा हात उचलायचा. एक दिवस त्याला घरात कोंडून, बाहेरून कडी घालून ती सरळ माहेरी निघून आली. आता रीतसर सुटकाही झाली होती, आणि दोन्ही काठांवर तिच्या त्या कडीचं मनातून सगळ्यांना कौतुक होतं.

बार टिपायचा, तर सावळखेड्यात भिकुअक्काची परवानगी लागणार होती. अक्काचा आवाज फाटका होता, पण पलीकडचा काठ गप्प करणारा होता. तिनं माईककडे पाहिलं, मग कुंदनकडे, मग सुलक्षणाकडे.

"हाई काय लई उनी व तू? मरेल मांजरले गानं ऐकाडनं शे का?"

"अक्का, ते मांजर नाही..."

"माले दिसस. मी माणूसकडे देखी ऱ्हायनू." अक्का मिश्रीच्या दातांनी हसली. सुलक्षणानं उगाच पिशवीतली पुस्तकं नीट केली. मग अक्का कुंदनला जवळ बसवून सांगू लागली, "देख भाऊ, बारमा खरं बोलानं नही. खरं बोलं का भांडन व्हस. खराले उलटं करानं, मंग दोन्ही काठ हासतंस. आनि निंघताना नदीनी चूळ भरानी. चूळ भरी का संपनं. मंग ते कोनी घर लई जात नही."

"छान आहे हो हे," कुंदन मनापासून म्हणाला.

"छान शे. पन तू जे भरी ठेवशी, तेनी चूळ कोन भरी?"

कुंदननं माईक मांडीवर ठेवला. मग म्हणाला, "ते वाचनालयातच राहील, अक्का. दोन गावांबाहेर जाणार नाही. शब्द देतो."

अक्कानं सुलक्षणाकडे पाहिलं. "तू सांगस?"

"हो," सुलक्षणा म्हणाली. "मी सांगते."

आखाजीच्या दिवशी दोन्ही काठ फुलले होते. खापरावरची पुरणपोळी आणि आमरस खाऊन बायका डोळे जड करून आल्या होत्या, पण पहिली शिवी पलीकडून आली तशी सगळी सुस्ती उडाली. कुंदन मधल्या खडकावर माईक धरून बसला होता. मोहटेकच्या सासवा, सावळखेड्याचे पाटील, कुणाचं दही, कुणाचं नाक... काहीच सुटत नव्हतं. सुलक्षणा नेहमीसारखी मागच्या रांगेत होती. ती कधी गायची नाही. नुसती ऐकायची, आणि घरी जाऊन मनातल्या मनात म्हणायची.

तेवढ्यात पलीकडून ज्योती पुढे आली. कमरेवर हात ठेवून तिनं सूर लावला—

"पुस्तकमा मुंडी घाली बठनी सुलक्षणा व माय,
वायरवाला देखताच तिना वाळूमा फसना पाय!"

दोन्ही काठ खदखदले. सुलक्षणाचे कान तापले. तिनं पाहिलं, खडकावरचा कुंदन माईक सांभाळत मान खाली घालून हसत होता. मग त्यानं मान वर केली आणि हळूच हातानं खूण केली... तुम्ही?

ज्योती ओरडली, "म्हन ना वं! झोंबाले पाहिजे, नहीतर आंबा देनार नही!"

कसं झालं कोण जाणे. सुलक्षणा पुढच्या रांगेत आली, आणि आयुष्यात पहिल्यांदा तिचा आवाज नदीवर गेला—

"धुळानी राणी माहेर उनी, गाठोडं लिसन काखमा,
नवरानी दार लाई लिधं, चूल ऱ्हायनी राखमा!"

सगळ्यांनी ज्योतीकडे पाहिलं. मग पहिली हसली ती ज्योतीच. हसता हसता खाली बसली. कडी कुणी कुणाला घातली होती, हे प्रत्येकीला ठाऊक होतं, म्हणून तर ते उलटं ऐकून बायकांच्या डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसणं झालं. ऊन उतरलं तशा सगळ्या पाण्यात शिरल्या, ओंजळीनं चूळ भरली, वाहत्या धारेत टाकली. आणि मघाशी एकमेकींचे वाभाडे काढणाऱ्या बायका नदीच्या मध्यावर गळ्यात गळे घालू लागल्या. सुलक्षणा आणि ज्योतीनं एकच आंबा आळीपाळीनं चोखला.

वायरी गुंडाळताना कुंदन हळूच म्हणाला, "पाय तर माझा फसला होता."

"म्हणून तर तिनं उलटं म्हटलं."

"म्हणजे तुमचा नाही फसला?"

"बारमध्ये खरं कुणी बोलत नाही, अक्कानं सांगितलंय ना."

"मग आता विचारतो. बार संपलाय."

तिनं पाण्याकडे पाहिलं. "मी चूळ भरली आहे," ती म्हणाली, आणि भरभर काठ चढून गेली.

त्यानंतरचे महिने कसे गेले, ते तिचं तिलाच कळलं नाही. अनुदानातून वाचनालयात शनिवारचं वाचनमंडळ सुरू झालं. झोपणारे आजोबा जागे होऊन वाद घालू लागले, शाळेच्या मुली येऊ लागल्या. खिडकीपाशी ऐकण्याचा कोपरा झाला. दोन खुर्च्या कुंदननंच रंगवल्या, आणि एकीचा रंग ओला असतानाच तिच्यावर बसला.

"आता ही माझी," तो उठून मागे वळून पाहत म्हणाला.

"आणि तुझ्या पँटवर आता तिचा रंग," सुलक्षणा म्हणाली, आणि आपण 'तुझ्या' म्हटलं हे लक्षात येऊन जीभ चावली. तो नुसता हसत राहिला, दुपारभर.

बाहेर भुरभुर पाऊस असायचा. एका शनिवारी सगळे गेल्यावर त्यानं तिच्या कानांवर हेडफोन ठेवले. पाण्याचा आवाज आला, बायकांची कुजबुज, आणि मग तिचाच आवाज, कोवळा, थरथरता. तिनं पटकन हेडफोन काढले.

"शी! कसा येतो."

"मी रोज ऐकतो," तो म्हणाला.

"...रोज?"

"जळगावला कार्यक्रम होऊ दे. मग आईला घेऊन येणार आहे तुमच्याकडे. चालेल?"

"सावळखेड्यालाच उतरा मग," ती म्हणाली. "चुकून मोहटेकला जाऊ नका."

याच दिवसांत ज्योतीचंही जमत आलं होतं. यावलचं स्थळ, मुलगा शिक्षक, घरी केळीची बाग. धुळ्याचं सगळं खरं खरं सांगितलं होतं, आणि त्या माणसानं म्हटलं होतं, मारणाऱ्याच्या घरातून स्वतःच्या पायांनी निघाली, अशी बाई मला चालेल. ज्योतीनं ते वाक्य सुलक्षणाला तीनदा सांगितलं. प्रमिलाबाईंनी तर साखरपुड्याचं लुगडंही बघून ठेवलं होतं.

जळगावच्या सभागृहात न्यासाची मोठी माणसं आली होती. कार्यक्रम लोकांसाठी खुला हवा आणि फोनवरूनही थेट दिसायला हवा, अशी अनुदानाची अट होती. पहिल्या रांगेत भिकुअक्का, प्रमिलाबाई, ज्योती आणि सुलक्षणा. शाल मिळाली, श्रीफळ मिळालं. कुंदननं इस्त्रीचा झब्बा घातला होता आणि बोलताना त्याची नजर पुन्हा पुन्हा पहिल्या रांगेकडे येत होती.

"आता तुम्हाला या संग्रहातला सगळ्यात सुंदर तुकडा ऐकवतो," तो म्हणाला.

सुलक्षणानं मान वर केली. तिला वाटलं, अक्काचा सूर असेल. मग गिरणेचं पाणी वाजलं, आणि मोठ्या कर्ण्यांतून तिचाच आवाज सभागृहभर पसरला. *धुळानी राणी माहेर उनी...*

तेवढंच. आधीची ज्योती नव्हती, नंतरचं हसणं नव्हतं. सभागृह हसलं, कुणी शिट्टी मारली, कुणी फोन उंच धरले. ज्योतीसुद्धा सवयीनं हसायला गेली, आणि ते हसू तिच्या ओठांवरच थांबलं. कारण हसणाऱ्यांतलं कुणीच तिला ओळखत नव्हतं.

"आनि चूळ?" भिकुअक्का बसल्या जागेवरून मोठ्यानं म्हणाली. "चूळ कोठे शे रे भाऊ?"

लोकांना वाटलं, म्हातारीला पाणी हवंय. कुणीतरी बाटली आणून दिली.

कार्यक्रम यावललाही फोनवर दिसला होता, 'धुळानी राणी' कोण हे तिथं लगेच कळलं, आणि निरोप यायला वेळ लागला नाही. तुमच्या पोरीच्या मैत्रिणीनंच सांगितलंय की नवऱ्यानं हाकलून दार लावलं, आणि आम्हाला सांगता ती स्वतः निघाली. आमच्या पाहुण्यांत हे फिरतंय, तेव्हा जमणार नाही. प्रमिलाबाई रडल्या, समजावलं, बार म्हणजे काय ते सांगितलं. कुंदन स्वतः यावलला जाऊन आला. मुलाच्या वडिलांनी त्याला चहा पाजला, सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग जे खोटं आहे, ते तुम्ही एवढं जपून कशाला ठेवता?"

सुलक्षणा मोहटेकला गेली, तेव्हा ज्योती बॅग भरत होती. धुळ्यात एका मुलींच्या वसतिगृहात तिनं काम मिळवलं होतं. त्याच धुळ्यात.

"ज्योते... मी..."

"तू बरोबर गायलीस," ज्योती घड्या घालत म्हणाली. "मीच म्हटलं होतं ना, झोंबलं पाहिजे."

"भांड ना माझ्याशी. शिव्या दे."

ज्योतीनं तिच्याकडे पाहिलं. पाहुण्यांकडे पाहावं, तसं. "बसा ना," ती म्हणाली. "चहा टाकते."

सुलक्षणा त्या चहाच्या कपाकडे बघत बसली. बारमध्ये सुद्धा तिला एवढं लागलं नव्हतं.

कुंदन वाचनालयात आला तो शनिवार नव्हता. ऐकण्याच्या कोपऱ्यात तो आपल्या खुर्चीवर बसला, सुलक्षणा उभीच राहिली.

"दोन गावांबाहेर जाणार नाही म्हणाला होतास. अक्काला मी सांगितलं होतं. माझ्या तोंडानं."

"न्यासाच्या लोकांना अहवाल नको होता, काहीतरी ऐकायला हवं होतं. पुढचं अनुदान... हे वाचनमंडळ, हा कोपरा, सगळं त्यावरच..."

"दुसरं काही नव्हतं लावायला? एवढ्या बायका गायल्या होत्या."

त्यानं हेडफोनची वायर बोटाला गुंडाळली. मग खिडकीकडे बघत म्हणाला, "तुझा आवाज होता. रोज तेच ऐकत होतो मी. ऐकता ऐकता शब्द ऐकू येईनासे झाले, सुलक्षणा. नुसती तूच ऐकू यायचीस."

याहून गोड बोलणं तिनं पुस्तकांतसुद्धा फारसं वाचलं नव्हतं. तरी तिला ते ऐकवेना. कारण तीही त्या दिवशी ज्योतीसाठी गायली नव्हती. खडकावर बसलेल्या त्याच्यासाठी गायली होती.

"आईला घेऊन येऊ ना?" त्यानं फार हळू विचारलं.

"नको," ती म्हणाली. "आमच्या घरात आलात तर मला रोज ते ऐकू येईल."

'आलात' मधलं परकेपण त्यालाही ऐकू आलं. तो उठला, खुर्ची जागेवर सरकवली आणि गेला.

पुढचं अनुदान मिळालं. आधीच्याहून मोठं. आखाजीला गिरणेच्या वाळूत मंडप पडला, न्यासाचा फलक लागला. दोन्ही गावच्या बायकांना एकसारखी लुगडी देण्यात आली. गेल्या वर्षीचा प्रकार पुन्हा नको, म्हणून दोन्ही गावच्या मोठ्या माणसांनी आधीच ठरवून दिलं होतं, शिव्या नाहीत, नावं नाहीत. मोहटेकच्या बायकांनी सावळखेड्याचं स्वागत गाऊन केलं, सावळखेड्यानं मोहटेकचे आभार मानले. कॅमेरे होते. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

"हाई काय बार शे?" भिकुअक्का वाळूत बसून म्हणाली. "हाई ते बठ्ठं हळदीकुंकूनं बोलनं शे." आणि ती गायली नाही.

ज्योती आली नव्हती. प्रमिलाबाई आल्या होत्या. सुलक्षणाला बघून त्यांनी हात जोडले, "बरी शे ना पोरी?" एवढं विचारलं आणि पुढे गेल्या. ऊन उतरलं, बायका आपापल्या काठानं घरी निघाल्या. पाण्यात कुणी शिरलं नाही. चूळ कशाची भरायची? कुणी काही बोललंच नव्हतं.

मंडप सुटत होता. पलीकडच्या काठावर कुंदन वायरी गुंडाळत होता. अलीकडे सुलक्षणा उभी होती. मध्ये पोटरीभर पाणी. त्यानं मान वर केली, हातातली वायर खाली ठेवली आणि पाण्याच्या कडेपर्यंत आला. ओल्या वाळूत त्याचा पाय आत गेला. या वेळी त्यानं तो उपटला नाही.

"काहीतरी बोल," तो म्हणाला. "शिव्या दे. काहीही."

वारा होता. तिला वाटलं, आवाज पोचणार नाही. पण तो पोचला, तसाच कोवळा, फक्त या वेळी थरथरला नाही.

"माझा पाय कधी फसलाच नव्हता," सुलक्षणा म्हणाली. "तुमची मला एकदाही आठवण आली नाही. त्या खुर्चीकडे मी कधी बघत नाही."

कुंदनच्या चेहऱ्यावर काहीतरी उजळलं. नियम त्याला ठाऊक होता. तो पाण्यात एक पाऊल पुढे आला. "सुलक्षणा..."

ती वाकली. दोन्ही हातांची ओंजळ करून तिनं पाणी घेतलं, तोंडात धरलं. बराच वेळ धरलं. मग वाहत्या धारेत ते सोडून दिलं, तोंड पुसलं, आणि सावळखेड्याचा काठ चढू लागली.